लॅबवाल्या बहिणीला ओवाळणीत काय घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटी बहीण सात वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिला रात्रपाळीही असते. यंदा भाऊबीजेला तिची ड्युटी आहे, म्हणून तुम्हीच तिच्या गावी जाणार. साडी आणि पाकीट दरवर्षीचंच, यंदा काहीतरी गमतीचं द्यायचंय, शिवाय तिच्या लॅबमधल्या पाच जणांनाही छोटंसं काही. एकूण बजेट दोन-अडीच हजार. नेटवर तुम्हाला रक्ताच्या पिशवीसारखी सरबताची पिशवी, सिरिंजचं पेन, लघवीच्या डबीसारखा मग आणि जंतूंची मऊ खेळणी दिसली. यातलं काय घेऊ, आणि ती चिडणार तर नाही ना?

चिडणार नाही, पण हसेलच असंही नाही. मी २७ वर्षं या कामात आहे, त्यातली नऊ ब्लड बँकेत आणि बाकीची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. अशा भेटींनी माझ्या कपाटातला एक अख्खा खण भरलाय. सिरिंजची पेनं चार. ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलेले मग तीन, माझा गट ओ असून. ड्रॅक्युलाच्या सुळ्यांची एक किचेन. देणाऱ्यांनी सगळं प्रेमानं दिलं, मीही तोंडभरून हसले, आणि खण बंद केला.

बाहेरच्या माणसाला लॅब म्हटलं की रक्त दिसतं. आम्हाला खरं सांगायचं तर रक्त दिसतच नाही. झाकणाचा रंग दिसतो, लेबल दिसतं, ट्यूब रेषेपर्यंत भरलीय का ते दिसतं, आणि भिंतीवरचं घड्याळ दिसतं. त्यामुळे ‘रक्त पिणारी माणसं’ छापाचा विनोद आम्हाला पहिल्या वर्षीच शिळा होतो. रोज सकाळी कलेक्शनला बसलं की दहातले दोन पेशंट तो सांगतातच. बहिणीला हसवायचं असेल तर तिची रोजची कटकट कुठली ते शोधा. विनोद तिथे आहे.

पहिलं म्हणजे शिक्का. तुमच्या बजेटात याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅबमध्ये येणारा प्रत्येक नमुना धड नसतो. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीची, जांभळी ट्यूब भरल्यावर अलगद उलटीपालटी केली नाही तर रक्त गोठतं. बारीक सुईतून जोर लावून ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर होतं. त्याला आम्ही ‘हीमोलाइज्ड’ म्हणतो, आणि त्यात पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं. पीटीची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहायची, निळी ट्यूब अर्धीच भरून येते. तिच्यात एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं औषध) आणि नऊ भाग रक्त असा हिशोब असतो, रक्त कमी पडलं की वेळ उगाच लांबलेली दिसते. कधी सगळं व्यवस्थित असतं, फक्त ट्यूबवर नावच नसतं. मग वॉर्डला फोन करायचा, ‘सॅम्पल परत पाठवा’ म्हणायचं, आणि पलीकडून ‘अहो, आत्ताच तर पाठवलं!’ हे निमूट ऐकून घ्यायचं. एका पाळीत हा संवाद किती वेळा होतो ते बहिणीलाच विचारा.

तर गावातल्या शिक्केवाल्याकडे जा. आपोआप शाई लागणारा शिक्का तीन-चारशेत होतो. मजकूर असा द्या: वर ठळक ‘नमुना नाकारला’, खाली चार चौकोन आणि त्यांच्यापुढे ‘गोठला’, ‘अपुरा’, ‘नाव नाही’, ‘चुकीच्या डब्यात आला’. शाई जांभळी.

माझ्या मुलीनं मला असा शिक्का दिला त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच रविवारी ह्यांनी केलेल्या उपम्याच्या ताटलीखालच्या कागदावर तो उमटला आणि ‘गोठला’वर बरोबरची खूण झाली. मग तो वाण्याच्या यादीवर, लाइटच्या बिलावर, सोसायटीच्या नोटिशीवर फिरला. जावेनं तिच्या मुलीसाठी आलेल्या एका स्थळाचा बायोडेटा दाखवायला आणला होता. शिक्षण होतं, उंची होती, पगाराच्या जागी नुसतं ‘चांगला’. त्याच्या झेरॉक्सवर ‘अपुरा’. जाऊ इतकी हसली की चहा नाकात गेला.

फक्त एक सांगून ठेवा, की हा शिक्का घरीच राहू दे. लॅबमध्ये नमुना नाकारल्याची रीतसर नोंद ठेवावी लागते. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या ऑडिटला आलेल्या माणसाला एखाद्या फॉर्मवर हा गमतीचा शिक्का दिसला, तर त्याला विनोद समजावून सांगणं अवघड आहे.

शिक्क्याच्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे मग, पण त्यावर काय छापायचं ते माझं ऐका. फास्टिंग शुगरला आलेल्या माणसाला ‘उपाशी आहात ना?’ असं विचारलं की जी उत्तरं येतात ती महाराष्ट्रात सगळीकडे एकच आहेत. ‘हो, काहीच खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा.’ ‘साखर नव्हती हो घातली.’ ‘चहाच होता, खाणं कुठे झालं?’ ‘पारले-जी पण धरता काय?’ म्हणून मगवर एवढंच छापा: ‘फक्त अर्धा कप चहा घेतलाय, चालेल ना?’ आणि मगाच्या बरोब्बर मध्यावर एक आडवी रेघ. रेघेच्या खाली ‘फास्टिंग’, रेघेच्या वर ‘पीपी’, म्हणजे खाल्ल्यानंतरची शुगर. फोटो छापणारे दुकानदार दोन-तीनशेत मग छापून देतात. पाच सहकाऱ्यांसाठी हाच घ्या, प्रत्येकीला वेगळा विचार करत बसू नका. त्यांच्यात कुणी ब्लड बँकेचं असेल तर त्यांच्या मगवर ‘पत्रिका नाही, क्रॉसमॅच जुळवतो’ छापा. दात्याचं आणि पेशंटचं रक्त एकमेकांना चालतं का ते पाहायच्या तपासणीला क्रॉसमॅच म्हणतात, आणि ती जुळली नाही तर छत्तीस गुण असूनही उपयोग नसतो.

आता आजवर पाहिलेल्या भेटींत मला सगळ्यात आवडलेली सांगते. ती विकत मिळत नाही.

आमचे एक सीनियर निवृत्त झाले. आपण त्यांना काका म्हणू. काकांनी तोंडानं पिपेट ओढायचा काळ पाहिलेला, साहलीच्या नळीत ॲसिड घालून तपकिरी रंग डोळ्यानं जुळवत हिमोग्लोबिन काढलेलं. पुढे पेशी मोजणारं मशीन, सेल काउंटर, आलं, तरी शंका आली की काका स्लाइड ओढायचे, लीशमनचा रंग घालायचे आणि स्वतः शंभर पेशी मोजायचे. त्यासाठी एक छोटं यंत्र असतं, जुन्या टाइपरायटरसारखं खटखट वाजणारं. प्रत्येक पांढऱ्या पेशीला एक कळ: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. डोळा मायक्रोस्कोपला, बोटं कळांवर. शंभर झाल्या की टिंग अशी घंटा वाजते. काकांची बोटं इतकी सराईत की ते मोजता मोजता भांडू शकत.

ते जुनं यंत्र निकामी म्हणून राइट-ऑफ झालेलं होतं. रीतसर परवानगी काढून ते आम्ही घेतलं, स्पिरिटनं पुसून काढलं आणि कळांवरच्या पट्ट्या बदलल्या. न्यूट्रोफिलच्या जागी ‘रिपोर्ट झाला का?’, कारण न्यूट्रोफिल सगळ्यात जास्त असतात. लिम्फोसाइटच्या जागी ‘अर्जंट आहे’. मोनोसाइटला ‘माझं पेन कुणी घेतलं?’ इओसिनोफिलला ‘मशीन अडकलं’. आणि बेसोफिलच्या कळीवर ‘थँक यू’. नॉर्मल माणसाच्या शंभर पेशींत बेसोफिल एखादा सापडतो, पुष्कळदा एकही नाही.

काकांनी पट्ट्या एकेक करून वाचल्या. चेहरा अगदी सरळ. शेवटची वाचून त्यांनी ती कळ एकदा दाबली, खिडकीत एकचा आकडा आला तो पाहिला, आणि म्हणाले, ‘नोंद राहू द्या.’ यंत्र आता त्यांच्या टीव्हीशेजारी आहे. नातू घरात कोण किती वेळा ‘चहा झाला का’ विचारतं ते त्यावर मोजतो, असं ऐकते.

जुना काउंटर मिळाला नाही तर चार कळांचे हातातले आकडे मोजायचे काउंटर मिळतात, त्यांच्यावरही हाच प्रयोग होतो. पट्ट्यांवर काय लिहायचं ते मात्र बहिणीच्या मैत्रिणीला आधी फोन करून विचारा. प्रत्येक लॅबचा न्यूट्रोफिल वेगळा असतो.

मऊ खेळण्यांबद्दल तुम्ही विचारलंत. जायंट मायक्रोब्ज नावाची अमेरिकन कंपनी जंतूंची अशी खेळणी बनवते, डोळे लावलेली आणि खरोखर गोड. आपल्याकडे मागवायची तर महाग पडतात. त्यापेक्षा तुमच्या ओळखीत कुणी क्रोशाचं काम करत असेल किंवा उशा शिवत असेल तर तांबड्या पेशीची उशी करून घ्या. लाल मखमल, गोल, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली. दबलेली म्हणतेय, भोक नाही! बाजारात मिळणाऱ्या अर्ध्याअधिक उशांना मेदूवड्यासारखं आरपार भोक असतं, ते पाहिलं की आमच्या कपाळाला आठी पडते. खरी पेशी सात-आठ मायक्रॉनची असते. चाळीस सेंटिमीटरची उशी म्हणजे तिच्या सुमारे पन्नास हजार पट. हे एका कार्डावर लिहून उशीला अडकवा, लॅबच्या माणसाला आकडा दिला की बरं वाटतं.

चूक मुद्दाम केली तर आणखी मजा. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला तीन ते पाच पाकळ्या असतात. उशीवर सात पाकळ्या शिवून द्या आणि गप्प राहा. पाकळ्या जास्त असल्या की आम्ही त्याला ‘हायपरसेगमेंटेड’ म्हणतो, आणि बी-ट्वेल्व कमी पडल्याची शंका घेतो. बहीण कागद फाडून उशी हातात घेईल, बोटानं मोजेल आणि म्हणेल, ‘हायपरसेगमेंटेड आहे, हिला बी-ट्वेल्व द्या.’ तसंच ई. कोलायचं खेळणं घ्याल तर ते गुलाबी असू दे. जंतू ओळखायला स्लाइडवर जो ग्रामचा रंग देतात, त्यात तो गुलाबीच दिसतो. जांभळा निघाला तर ‘डीकलराइज करताना (जास्तीचा रंग धुताना) हात आखडला’ असं ऐकायची तयारी ठेवा. हे ऐकून घेण्यातच तुमची ओवाळणी वसूल आहे.

जंतू निवडताना थोडं भान हवं. टीबी, डेंगी, कोविड यांची खेळणी मी कुणाला देत नाही. २०२० आणि २१ मध्ये लॅबमधल्या माणसांनी काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक, आणि सहकाऱ्यांपैकी कुणाच्या घरात काय घडलंय ते तुम्हाला माहीत नाही. ई. कोलाय, यीस्ट, जंत ही आमची रोजची गिऱ्हाइकं, त्यांच्यावर खुशाल हसावं.

खाण्याच्या गमतींकडे मी जरा कडकपणे बघते, कारण इथेच लोक चुकतात, आणि त्यात मीही आलेच.

मायक्रोबायोलॉजीत जंतू वाढवायला जे आगर वापरतात ते म्हणजे आपलं चायना ग्रास. मूळचं ते स्वयंपाकघरातलंच. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी, त्या घरी जेलीसाठी ते वापरायच्या म्हणून, नवऱ्याला सुचवलं. नवरा रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता, आणि उन्हाळ्यात त्याचं जिलेटिन वितळून जायचं. आगर वितळलं नाही. तेव्हापासून ते लॅबमध्ये आहे. काचेची ती उथळ झाकणवाली डिश १८८७ मधली, पेट्री साहेबांची.

ही गोष्ट सांगून मी एका १५ एप्रिलला, म्हणजे आमच्या बायोमेडिकल लॅब दिनाला, नव्या कोऱ्या प्लॅस्टिक डिशमध्ये चायना ग्रासची जेली केली. बिटाच्या रसाची लाल, म्हणजे ‘ब्लड आगर’. कोको घातलेली, म्हणजे ‘चॉकलेट आगर’. खऱ्या चॉकलेट आगरात चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं. वर खसखस आणि सब्जाच्या वसाहती. चोवीस डिश. दिसायला अशा, की डॉक्टरांनी फोटो काढले. आणि जेवणाच्या खोलीतला फ्रिज भरलेला, म्हणून नव्या मुलानं त्या ‘दहा मिनिटांसाठी’ नमुन्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. ज्या फ्रिजवर ‘अन्नपदार्थ ठेवू नयेत’ अशी पाटी मीच लावलेली, त्यात. चोवीसच्या चोवीस फेकल्या. तो मुलगा रडकुंडीला आला, मी त्याला काही बोलले नाही, कारण डिशवर ‘खाऊ’ असं लेबल मी लावलं नव्हतं. नाव नसलेला नमुना.

म्हणून खाण्याचा प्रकार करायचा तर तो बहिणीच्या घरी. लॅबच्या दारातून आत काहीही खाण्याचं जाता कामा नये.

लघवीच्या डबीत सफरचंदाचा रस घालून पेशंटसमोर पिण्याचा विनोद कुठे ना कुठे होतोच. आमच्याकडेही एका उत्साही इंटर्ननं केला. समोर एका म्हाताऱ्या पेशंटची सून बसली होती, तिनं हे पाहिलं आणि ‘इथे आमचं सॅम्पल असंच हाताळतात काय?’ म्हणून सगळा मजला डोक्यावर घेतला. तिचं काय चुकलं? रक्ताच्या पिशवीसारख्या सरबताच्या पिशव्यांचंही तेच. ब्लड बँकेत साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी भरताना दात्याशेजारी नऊ वर्षं बसलेय मी. तिच्यातलं रक्त पस्तीस दिवस टिकतं, आणि त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. तिच्यातून स्ट्रॉ लावून सरबत ओढताना मला बघवत नाही. हा माझा दोष समजा. तरुण मुलांना बघवतं, पण त्यांनीही ते घरी करावं.

आणि खऱ्या ट्यूबमध्ये, खऱ्या पिशवीत खायचं काहीही भरू नका, ती कोरी असली तरी. रिकामी दिसते, पण आत औषध असतं. शुगरच्या करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं, दोन्ही विषारी. डोहाळजेवणाला अशा ट्यूबमधून बडीशेप वाटण्याची कल्पना मी एकदा वेळेवर हाणून पाडलीय.

कल्पना मात्र चांगली होती, म्हणून ती सुरक्षित करून सांगते. पार्टीच्या सामानाच्या दुकानात प्लॅस्टिकच्या साध्या टेस्ट ट्यूब मिळतात, रंगीत झाकणांच्या. एक लाकडी स्टँड घ्या आणि मुखवासाचा रॅक करा. करड्या झाकणाखाली खडीसाखर, कारण करडी ट्यूब शुगरची. जांभळ्याखाली जिरागोळी. लाल झाकणाखाली अनारदाणा. पिवळ्याखाली आवळा सुपारी. निळ्या ट्यूबला बाहेरून रेघ मारा, तिथपर्यंतच धनाडाळ भरा आणि लेबलवर लिहा: ‘रेषेपर्यंत, नाहीतर परत पाठवू.’ आता खरी गंमत रॅक लावण्यात आहे. रक्त घेताना कुठली ट्यूब आधी भरायची याचा क्रम ठरलेला असतो: निळी, लाल, पिवळी, हिरवी, जांभळी, करडी. एका ट्यूबमधलं औषध दुसरीत जाऊन रिझल्ट बिघडू नये म्हणून. तुम्ही रॅक मुद्दाम उलटा लावून द्या. बहीण बोलता बोलता, न बघता, ट्यूब जागच्या जागी लावेल. तिला तसं करताना बघा, हळूच व्हिडिओ काढा.

अंगावर घालायच्या वस्तूंचं थोडक्यात. लॅबमध्ये अंगठ्या, बांगड्या, लोंबते कानातले चालत नाहीत, आणि टी-शर्ट ॲप्रनखाली झाकला जातो. आयकार्डची मागेपुढे ओढली जाणारी गोल चकती मात्र रोज दिसते. तिच्यावर प्लेटलेट, स्लाइड, काहीही चालतं. सुट्टीच्या दिवसासाठी मलेरियाच्या रिंगचे कानातले द्या. तांबड्या पेशीत शिरलेला मलेरियाचा परोपजीवी सुरुवातीला खरंच अंगठीसारखा दिसतो, कडेला एक लाल खडा. सोनाराकडे नको, रेझिनचं काम करणाऱ्या मुलींना चित्र दाखवा. ‘रिंगा कुठून घेतल्यास?’ या प्रश्नाला ‘डासाकडून’ असं उत्तर द्यायची सोय होते.

ब्लड बँकवाल्यांसाठी आणखी एक, आणि हा आपल्या मातीतला आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक अजब रक्तगट नोंदवला, तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि जगभर त्याला ‘बॉम्बे’ म्हणतात. नेहमीच्या तपासणीत हा गट ओ वाटतो, पण त्याला ओचं रक्त चालत नाही, त्याला फक्त बॉम्बेचंच चालतं. टी-शर्टवर लिहा: ‘दिसतो ओ, आहे मुंबईचा.’ लोकलमध्ये बाजूच्याला कळणार नाही, ब्लड बँकेतला माणूस मात्र पाठ थोपटेल.

काय घेऊ नये त्यात एकच जोडते: रक्त सांडल्यासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे डाग. आमच्याकडे कुणीतरी असा एक डाग सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे ट्यूब गरगर फिरवायच्या मशीनवर, ठेवला. आमची नवी मुलगी शिस्तीची. तिनं हातमोजे घातले, सगळ्यांना मागे सारलं, डागावर टिश्यू पसरला, एक टक्का हायपो (जंतुनाशक) ओतलं आणि घड्याळ लावून शेजारी उभी राहिली. वेळ भरल्यावर उचलायला गेली तर डाग टिश्यूसकट अख्खाच हातात आला. आम्ही हसलो. ती हसली नाही, आणि बरोबर तीच होती.

रात्रपाळी असते म्हणालात, तर एक छोटी लाकडी पाटी करून द्या, टेबलावर ठेवण्याएवढी: ‘आज शांत आहे असं इथे म्हणू नये.’ आम्ही सगळे विज्ञान शिकलेले, दसऱ्याला मात्र ॲनालायझरला, म्हणजे तपासणीच्या मशीनला, झेंडूचा हार घालतो आणि रात्री ‘आज काम नाही’ असं तोंडून काढत नाही. म्हटलं की दहा मिनिटांत ॲक्सिडेंटची केस येते. तैवानमध्ये मशीनवर ‘क्वाई क्वाई’ नावाच्या कुरमुऱ्यांसारख्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात म्हणे ‘शहाण्यासारखं वाग’ म्हणून, आणि त्याची तारीख उलटलेली चालत नाही. तेव्हा आपण एकटे नाही.

तर तुमच्यासाठी हिशोब असा. बहिणीला शिक्का आणि मुखवासाचा रॅक, वेळ असेल तर सात पाकळ्यांची उशी. पाच जणांना अर्ध्या कपाचे मग. शिक्केवाल्याकडे आजच जा, दिवाळीच्या आठवड्यात तो लग्नपत्रिका आणि बिलबुकांतून मान वर काढत नाही. चिवडा-लाडू नेणार असाल तर वेगळ्या डब्यात, डब्यावर ठळक नाव घालून, आणि थेट त्यांच्या जेवणाच्या खोलीत.

आणि बाजूला एक डझन मार्कर घ्या, स्लाइडवर लिहायचे, बारीक टोकाचे. हे गमतीचं नाही. प्रत्येकाला बहिणीच्या नावाचं लेबल चिकटवा, वर ‘हे पेन आयसीयूचं नाही’ असं छापा. जातील तरी तिकडेच.